पाटीवर दोन नावं : आपले फौजीकाका

(कोजागिरीला झालेल्या आपल्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीटनेटकं करून स्मरणिकेसाठी दिलं आहे.)

समोर सतरंजीवर बसून 'दूध कधी मिळणार' म्हणून माझ्याकडे रागानं पाहणाऱ्या बालगोपाळांनो,

मला विषय दिला आहे आपल्या फौजीकाकांचा. मुदत दहा मिनिटांची आहे. त्यात काका मावायचे नाहीत, पण पाहू.

आधी एक खुलासा. भाषणात आणि स्मरणिकेत काकांचं नाव आणि फोटो येणार नाही. काकूंनी तसं सांगितलं आहे आणि त्याचं कारणही दिलं आहे. काकांनी ज्या बायांचे कागद केले, त्या आसपासच्याच गावच्या. काकांचं नाव छापलं की 'ती कोण, हिचं काय अडलं होतं' हे लोक लगेच ओळखतात. गावं लहान आहेत. काका आयुष्यभर दुसऱ्याच्या पत्रातलं कोणाला बोलले नाहीत, आता त्यांच्यामागे आपण कशाला बोलायचं? म्हणून जे सांगतो ते गावाचं नाव न घेता सांगतो. तसंही आपल्यापैकी निम्म्यांना त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवरूनच ठाऊक होतं.

काका तिरोडा तालुक्यातले. तेव्हा आपला गोंदिया जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. तोवर आपण सगळे भंडाऱ्याचे. घरी थोडी धानाची शेती, ती तलावाच्या पाण्यावर. तलाव भरला तर वर्ष निभलं, नाही तर बिडीपत्ता. १९६२ च्या चीनच्या लढाईनंतर फौजेत भरती वाढली, त्यात १९६३ साली काका गेले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी कोणीतरी त्यांना विचारलं होतं, 'काका, देशप्रेमानं भरती झालात ना?' काका म्हणाले, "देशप्रेम मागून आलं जी. पयले भूक होती." समोर शाळेची मुलं उभी होती. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंना पुढे काय बोलावं ते सुचेना. पण मला ते उत्तर फार आवडलं होतं, आजही आवडतं.

ट्रेनिंग सागरला झालं. महार रेजिमेंटचं केंद्र तिथं आहे. ही रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, तिच्यामागे डॉ. बाबासाहेबांचे प्रयत्न होते. तो इतिहास आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून त्यात शिरत नाही. काकांनी १९६५ पाहिलं, १९७१ पाहिलं. पोरं त्यांना घेरून विचारायची, 'किती जणांना मारलं?' काका म्हणायचे, "मोजायला मास्तर ठेवला नोता बाप्पा." आणि विषय डाकेवर न्यायचे. लढाईबद्दल ते जे काही बोलले ते डाकेच्याच आडून बोलले.

फौजीचा पत्ता कसा असतो, हे मला त्यांनीच समजावलं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत ५६ एपीओ'. पूर्वेकडे असेल तर ९९ एपीओ. त्यात गाव नसतं, जिल्हा नसतो. पाठवणाऱ्याला कळत नाही की आपलं पोरगं बर्फात आहे की वाळूत. पत्र आधी एका मोठ्या तळाच्या डाकघरात जातं, ५६ चं दिल्लीला, ९९ चं कलकत्त्याला, आणि पलटण जिथं असेल तिथं तिथून पाठवतात. पुढे १९७२ मध्ये पिनकोड आला तेव्हाही फौजेला वेगळा आकडा मिळाला. आपला पिन ४४१६०१, चारानं सुरू होतो. नवानं सुरू होणारा पिन फौजेचा. काका सांगायचे, "आपला पिन जागेचा हाये, फौजीचा पिन माणसाचा. माणूस हालला तरी पिन त्याच्यामागं जाते." बाय द वे, ही पिनकोडची पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आणि सैन्याच्या डाकसेवेचं केंद्र तर आपल्या कामठीला आहे. जाता-येता आपण तिथून किती वेळा गेलो असू!

तर डाक. मोर्च्यावर डाक आली की एक जण थैली घेऊन उभा राहायचा आणि नावं पुकारायचा. ज्याचं नाव आलं तो पत्र घेऊन एका कोपऱ्यात जायचा. आणि ज्याचं आलं नाही? काका म्हणाले, तो लगेच काहीतरी काम काढायचा. साफ असलेली रायफल पुन्हा साफ करायचा. बुटाची बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधायचा. कोणी कोणाकडे पाहायचं नाही. "गोळीचं भेव एवढं नाई वाटे," काका म्हणाले, "थैली खाली झाली का वाटे."

डिसेंबर ७१ मध्ये ते पश्चिमेच्या सीमेवर होते. तेव्हाच इकडे त्यांचे वडील वारले. घरून तार गेली, मागून पत्रही गेलं. तिथली लढाई १७ तारखेला थांबली. काकांना दोन्ही कागद एकाच दिवशी मिळाले, तोवर इकडे तेरवी होऊन गेली होती. आधी पत्र उघडलं, मग तार. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, वॉचमनच्या खोलीबाहेर, दिवे गेले होते तेव्हा.

पंधरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून ते १९७८ ला परत आले. माजी सैनिकांसाठी जागा राखीव असतात, त्यातून पुढच्या वर्षी पोस्टात लागले. पोस्टमन. आधी तालुक्याच्या ठिकाणी, नंतर गोंदियात. रेलटोली, रामनगर, सिव्हिल लाइन, अशा बऱ्याच बीटवर त्यांनी सायकल चालवली. राइस मिलच्या भुश्शानं खाकी कपडे पांढरे होऊन यायचे, असं काकू सांगतात.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट आपल्याकडे फार सांगितली जाते, की काकांनी कोणाचं पत्र कधी दुसऱ्या दिवसावर ठेवलं नाही, कारण वडिलांची तार उशिरा मिळाली म्हणून त्यांनी शपथ घेतली होती. मी त्यांना विचारलं, खरं आहे का हे? ते हसले. "शपथ कायची जी! वाटलेलं किती, परत किती, याचा हिशेब रोज द्या लागे. साहेब थैली पालथी करून पाहे." आता तुम्हाला जे खरं मानायचं ते माना. मी दोन्ही मानतो.

मनीऑर्डर हा त्यांचा आवडता विषय. आजच्या पिढीला सांगतो, मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, त्यावर दोन ओळींचा मजकूर लिहिता यायचा. पैसे हातात, आणि कुपन फाडून तेही हातात. आपल्याकडची माणसं कामासाठी नागपूर, रायपूर, भिलाईला जायची; पैसे पोस्टानं यायचे. घेणाऱ्या बाईला सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. काका पैसे दोनदा मोजून द्यायचे, एकदा स्वतः आणि एकदा तिच्याकडून मोजवून. मग कुपन वाचून दाखवायचे. कुपनात 'तब्येत बरी आहे' एवढंच असलं तरी ते दोनदा वाचायचे, कारण काका म्हणत, पहिल्यांदा वाचलेलं त्या बाईला ऐकूच येत नाही, ती नुसती घाबरलेली असते.

तार मात्र त्यांना नको वाटायची. जिथं तार न्यायची तिथं गेले की आधी पाणी मागायचे. ओसरीत बसायचे. घरात आणखी कोण आहे ते पाहायचे. एकटी म्हातारी असेल तर शेजाऱ्याला हाक मारायचे आणि मग कागद काढायचे. तार बंद झाली तेव्हा, म्हणजे जुलै २०१३ मध्ये, सगळ्या पेपरांत हळहळ छापून आली होती. मीही सकाळी काकांकडे पेपर घेऊन गेलो, म्हटलं यांना वाईट वाटलं असेल. काका म्हणाले, "बरं झालं. लय लोकायच्या घरी रडारड घेऊन गेलो तिच्यापायी." आणि चहा मागवला.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. २००० साली आपण इथं आलो तेव्हा काय होतं हे जुन्या सभासदांना आठवतच असेल. रस्ता नाही, दिवे नाहीत, बोअरवेलचं पाणी लाल. काका तेव्हा नोकरीतच होते, तीन वर्षांनी निवृत्त झाले. पहिल्याच सभेत पत्रपेट्यांचा विषय निघाला. गेटच्या आत एक लोखंडी फळी आणि तिच्यावर घराप्रमाणे पेट्या, एवढं ठरलं. पेटीवर नाव कोणाचं? फ्लॅट ज्याच्या नावावर त्याचं, हे उघड होतं. तेव्हा काका उभे राहिले आणि म्हणाले, दोन नावं टाका, बाईचंही टाका. कोणी हसलं, कोणी म्हणालं पेटी लहान आहे. काकांनी शांतपणे सांगितलं, ते असं: बीटवर त्यांना रोज अशी पत्रं मिळायची ज्यांवर बाईचं नाव असायचं. माहेरचं पत्र, परीक्षेचा निकाल, नोकरीचा कॉल, कोर्टाचा कागद. दारावर पाटी नवऱ्याची. नवीन पोस्टमन असला तर तो विचारतो, शेजारी म्हणतो असं कोणी इथं राहत नाही. शेजाऱ्याला ती 'पिंकीची आई' म्हणून ठाऊक. पत्र परत. "घरात राहते, सैपाक करते, अन् पोस्टाच्या लेखी ती तिथं रायतच नाई," असं ते म्हणाले.

ठराव झाला. पेट्यांवरची अक्षरं काकांनीच ब्रशनं लिहिली, पांढऱ्या ऑइलपेंटनं. पंचवीस वर्षांत पेट्या दोनदा रंगवल्या, दोन्ही वेळा दोन नावं राहिली. मी इतर सोसायट्यांत जातो तेव्हा माझी नजर आपोआप पाट्यांकडे जाते. बहुतेक ठिकाणी अजूनही एकच नाव आहे.

निवृत्तीनंतर काकांनी पार्किंगमध्ये, जिन्याखाली, एक लाकडी टेबल मांडलं. एक खुर्ची स्वतःला, एक बाकडं येणाऱ्यांना. स्टॅम्पपॅड, डिंकाची बाटली, टाचण्या, कोरे कागद. सालेकसा, देवरी, आमगाव, अर्जुनी मोरगावकडून माणसं एसटीनं यायची. जास्त करून बाया. फौजीच्या विधवा, म्हातारे माजी सैनिक, कधी पोस्टातल्या कोणाची विधवा. कोणाची पेन्शन थांबली, कोणाची सुरूच झाली नाही, कोणाला बँकेतून आलेला कागद वाचता येत नाही. काका वाचायचे, अर्ज लिहायचे, कोणत्या कार्यालयात जायचं ते सांगायचे. पैसे घेत नसत.

यावरून आपल्याकडे वाद झाला, आणि रौप्यमहोत्सव आहे म्हणून तो लपवायचं कारण नाही. मी तेव्हा सचिव होतो, इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. वार्षिक सभेत, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' यात एका सभासदानं मुद्दा मांडला की बाहेरची माणसं रोज आत येतात, नोंद नाही, पार्किंगमध्ये डबे उघडून जेवतात, उद्या काही चोरीमारी झाली तर जबाबदार कोण? मुद्दा खोटा नव्हता. त्या वर्षी दोन सायकली गेल्या होत्या. बोलण्याचा सूर मात्र बरा नव्हता. दुसऱ्या बाजूनंही आवाज चढले. कोणी म्हणालं, फौजीचा अपमान आहे.

काका म्हणाले, अपमान वगैरे काही नाही. मग त्यांनी स्वतःच ठराव सांगितला आणि मी लिहून घेतला: वेळ सकाळी दहा ते बारा, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव-गाव गेटवरच्या रजिस्टरमध्ये, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नाव काका स्वतः लिहितील, जेवणासाठी गच्चीचा जिना. ठराव बहुमतानं मंजूर झाला. ज्यांनी मुद्दा काढला त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, तसं ते मला अनेकदा बोललेही. पण दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट काकांकडे जायचंच.

ते रजिस्टर मी परवा काढून पाहिलं. पानंच्या पानं काकांच्या अक्षरात. नाव, गाव, वेळ. कामाच्या रकान्यात प्रत्येकीपुढे एकच शब्द, 'कागद'.

त्यातली एक बाई. तिचा नवरा फौजेतून पेन्शनवर आलेला, तो वारला. कुटुंब पेन्शन तिला मिळायला हवी. पण फौजेच्या कागदावर तिचं माहेरचं नाव, कारण नवरा भरतीनंतर लग्नाची नोंद करताना तेच सांगून बसला. आणि आधार कार्डावर सासरी ठेवलेलं नाव. म्हणजे कागदावर बाया दोन. ती सांगते, मीच ती. पण 'मीच ती' हे कोणाला सांगायचं? एका कार्यालयानं दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यानं पुन्हा पहिलीकडे. काकांनी तिचं प्रतिज्ञापत्र करवून घेतलं, ग्रामपंचायतीचा दाखला, लग्नाचे साक्षीदार, शाळेचा दाखला. आणि पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र. उत्तर नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पत्र, रजिस्टर एडी. पुन्हा. ते म्हणायचे, "तोंडानं सांगतलेलं हवेत जाते. रजिस्टरची पावती रायते." दीड वर्ष हे चाललं. पावत्या त्यांनी सुतळीत ओवून ठेवल्या होत्या, जुन्या किराणा दुकानात बिलं ओवतात तशा.

मग थकबाकीसकट पेन्शन जमा झाली. ती बाई चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन आली. काका घेईनात. काकूंनी पिशवी घेतली, त्याच तांदळाचा भात टाकला आणि तिला जेवू घालून दुपारच्या एसटीत बसवली. उरलेला तांदूळ पुढच्या बायांना लागला.

शेवटची काही वर्षं सगळं मोबाईलवर गेलं. पेन्शनवाल्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, बहुतेकांना नोव्हेंबरात. तो आता अंगठ्याच्या मशीनवर होतो. अडचण अशी की आमच्या बायांचे अंगठे मशीन घेत नाही. रोवणी, बिड्या, तेंदूपत्ता. रेघाच राहिल्या नाहीत. ज्या अंगठ्यांवर काकांनी आयुष्यभर मनीऑर्डरी दिल्या त्यांना मशीन म्हणतं, जुळत नाही. मग चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका नातीजवळ बसून ते शिकले. म्हातारीला उजेडात बसवायचं, पदर मागं घ्यायला सांगायचं आणि म्हणायचं, "डोळे मिचकाव वं माय, सरकारला दाखव का जित्ती आहेस." बाया हसायच्या. हसताना फोटो नीट येत नसे, मग पुन्हा.

काका या उन्हाळ्यात गेले. दोन दिवस दवाखान्यात होते, तिसऱ्या दिवशी गेले. घाटावर माणसं किती होती ते सांगत नाही. सांगितलं तर काकू रागावतील. एवढं सांगतो, पोस्टाचे नवे पोस्टमन होते, ज्यांना काकांनी कधी पाहिलंही नव्हतं. आणि तेरवीला गावांकडून ज्या आल्या, त्यांनी गेटवर सवयीनं रजिस्टर मागितलं.

१ ऑक्टोबरपासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. काका असते तर हळहळले असते की 'बरं झालं' म्हणून चहा मागवला असता, मला अंदाज नाही.

रौप्यमहोत्सवी निधीतून काकांच्या नावाचा दगड बसवायचा असा एक प्रस्ताव आहे, बाकडं बसवायचं असा दुसरा. काकूंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, बाकडं तर आहेच.

खरंच आहे. टेबल जिन्याखाली आहे तसंच आहे. स्टॅम्पपॅड वाळला होता, मी नवीन आणला. नोव्हेंबर जवळ आला आहे, आणि माणसं येणारच आहेत, त्यांना सगळ्यांनाच काका गेल्याचं कळलेलं नाही. वॉचमनला सांगून ठेवलं आहे की कोणाला परत पाठवू नका, बसवा, पाणी द्या. मंगळवार आणि शुक्रवार मी बसेन, दहा ते बारा. काकांच्या नातीनं रविवार घेतला आहे, कॉलेज सांभाळून. पेन्शन विभागात काम केलेले दोन सभासद समोरच बसले आहेत, त्यांच्याकडे मी मघापासून पाहतो आहे आणि ते दुधाच्या पातेल्याकडे पाहत आहेत. बाकीचे दिवस रिकामे आहेत. यादी जिन्याजवळ लावली आहे, तिथंच पेन बांधलं आहे. नाव लिहिताना पूर्ण लिहा.

दूध आटलं वाटतं. मी थांबतो.